अ‍ॅपॉप्टोसिस : पेशींची पानगळ

अ‍ॅपॉप्टोसिस हे पेशी मरण्याच्या एका विशिष्ट रीतीचे नाव आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘गळून पडणे’. झाडाचे पान गळते किंवा फुलाची पाकळी गळते, तसे. मराठीत पान गळते, फळ सडते, रोप वाळते. तिन्ही ठिकाणी सजीवाचा एखादा भाग संपतच असतो, तरी या क्रियापदांची अदलाबदल कोणी करत नाही; पिकून गळालेल्या पानाला कोणी ‘सडले’ म्हणत नाही. पेशीविज्ञानालाही असाच भेद करायचा होता, आणि १९७२ पर्यंत त्यासाठी त्याच्याकडे नेमका शब्द नव्हता. पेशी मेली एवढे सांगून भागत नाही. ती कशी मेली यावर शेजारच्या पेशींचे, त्या अवयवाचे आणि कधीकधी आख्ख्या माणसाचे बरेवाईट ठरते.

शब्दाची गोष्ट उंदरांच्या यकृतापासून सुरू होते. जॉन केर हे ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात लंडनमध्ये संशोधन करत होते. आतड्याकडून यकृताला रक्त आणणाऱ्या शिरेची एक फांदी बांधून टाकली, की यकृताचा तेवढा भाग हळूहळू लहान होत जातो. तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना केर यांना दोन वेगळी मरणे दिसली. काही ठिकाणी पेशींचे पट्टेच्या पट्टे एकदम मेलेले होते आणि त्यांच्याभोवती दाह होता. उरलेल्या भागात मात्र एखादीच पेशी इथे, एखादी तिथे आकसलेली, तुकडे झालेली दिसे. तिच्या आजूबाजूला दाहाचा मागमूस नसे. पहिल्या प्रकाराला नेक्रोसिस हे नाव फार पूर्वीपासून होते. दुसऱ्याला केर यांनी आधी ‘आकसून होणारा नेक्रोसिस’ म्हटले. नाव अर्थातच बरे नव्हते, कारण जे नेक्रोसिस नाही असे दाखवायचे होते, त्याचेच नाव पुन्हा वापरावे लागत होते.

पुढे केर स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन विद्यापीठात काही काळासाठी गेले. तिथे अ‍ॅलेस्टर करी आणि त्यांचे विद्यार्थी अँड्र्यू वायली यांना उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीत तशाच आकसलेल्या पेशी दिसत होत्या. त्या ग्रंथीला जगवणारे संप्रेरक मिळेनासे झाले, की तिच्यातल्या पेशी एकेक करून नाहीशा होत. तिघांनी मिळून लिहिलेला शोधनिबंध ऑगस्ट १९७२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये छापून आला आणि त्यात अ‍ॅपॉप्टोसिस हा शब्द आजच्या अर्थाने प्रथम आला. तो सुचवला होता त्याच विद्यापीठातले ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. निबंधाच्या तळटीपेत त्यांचे आभार आहेतच, शिवाय शब्द उच्चारायचा कसा याचीही सूचना आहे: शब्दाचा उत्तरार्ध ‘टोसिस’सारखा म्हणावा, त्यातला ‘प’ मुका ठेवावा. पापणी खाली लोंबण्याच्या विकाराला डोळ्यांचे डॉक्टर ‘टोसिस’ म्हणतात, तो शब्दही ‘पडणे’ या अर्थाच्या त्याच धातूपासून आला आहे. ही सूचना पुष्कळांनी मानली नाही. आज प्रयोगशाळांमध्ये ‘अ‍ॅपोटोसिस’ आणि ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ असे दोन्ही उच्चार ऐकू येतात, आणि लिहिताना ‘प’ ठेवायचा हे तर ठरलेलेच आहे.

शब्द नवा केला तरी तो अगदीच कोरा नव्हता. प्राचीन ग्रीक वैद्यकात तो होता. गेलेनच्या काळी जखमेवरची खपली गळण्यालाही तो वापरला जाई. खपलीचा दाखला पानाहून अधिक चपखल म्हणावा लागेल, कारण खपली गळते ती खालची जागा भरून आल्यावर.

नेक्रोसिस आणि अ‍ॅपॉप्टोसिस यांतला फरक वाड्याच्या उदाहरणाने चटकन कळतो. जुना वाडा पावसात कोसळतो तेव्हा भिंती रस्त्यावर येतात, शेजाऱ्याच्या छपरावर तुळया पडतात, आठवडाभर धूळ बसत नाही. तोच वाडा उतरवला, तर आधी कौले निघतात, मग वासे, मग दारे-खिडक्या. एकेक वस्तू गाडीत भरून जुन्या बाजारात जाते आणि शेजारच्या घरातल्या बाळाची झोपही मोडत नाही. नेक्रोसिस हे कोसळणे आहे. रक्तपुरवठा तुटला, भाजले, विष भिनले, की पेशीचा पाण्यावरचा आणि क्षारांवरचा ताबा सुटतो. ती फुगते, तिचे पटल फाटते आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. रक्ततपासणीच्या कागदावरचा एसजीपीटीचा आकडा बहुतेक घरांत ओळखीचा असतो. तो वाढतो, कारण इजा झालेल्या यकृतपेशींमधले ते विकर रक्तात गळालेले असते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ट्रोपोनिन मोजतात तेही याचसाठी. सांडलेला ऐवज म्हणजे शरीराच्या दृष्टीने धोक्याची घंटा. पांढऱ्या पेशी धावत येतात, सूज येते आणि त्या गडबडीत धडधाकट पेशीही जखमी होतात.

अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये यातले जवळजवळ काहीच होत नाही. पेशी फुगण्याऐवजी आकसते आणि शेजारणींपासून सुटी होते. केंद्रकातले द्रव्य घट्ट होऊन कडेला गोळा होते आणि डीएनएचे ठरावीक मापाचे तुकडे पडतात. हे माप १८० ते २०० बेस-जोड्यांच्या पटीत असल्यामुळे जेलवर हे तुकडे वेगळे केले, की शिडीच्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. वायली यांनी १९८० मध्ये दाखवलेली ही शिडी पुढे कित्येक वर्षे अ‍ॅपॉप्टोसिसची निशाणी मानली गेली. मग पेशीच्या पृष्ठभागावर फुगवटे येतात आणि अखेर तिची लहान लहान, पटलाने नीट बांधलेली पुडकी होतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ एरवी पटलाच्या आतल्या बाजूला असतो, तो आता बाहेरच्या बाजूला येतो. भक्षक पेशी तो ओळखतात आणि पुडकी गिळून टाकतात; भक्षक पेशी जवळ नसतील तर शेजारच्या साध्या पेशीही ते काम करतात. सगळा प्रकार काही तासांत उरकतो आणि मागे खूण राहत नाही. एवढी सर्रास घडणारी गोष्ट इतकी वर्षे नजरेतून निसटली याचे एक मोठे कारण हेच. आणखी एक बाब महत्त्वाची: उतरवण्याला मजूर लागतात, तशी अ‍ॅपॉप्टोसिसला ऊर्जा लागते. पेशीचा एटीपीचा साठा फार घसरला तर अर्ध्यावर आलेला अ‍ॅपॉप्टोसिसही नेक्रोसिसकडे वळतो.

नाव १९७२ चे असले तरी अशा मरणाची नोंद त्याआधी एकदा नव्हे, अनेकदा झाली होती. कार्ल फोक्ट यांनी १८४२ मध्ये भेकाच्या वाढत्या पिल्लात काही पेशी नाहीशा होताना पाहिल्या. पेशीविभाजनाच्या अभ्यासासाठी ओळखले जाणारे वॉल्टर फ्लेमिंग यांनी १८८५ मध्ये अंडाशयातल्या मरणाऱ्या पेशींची चित्रे काढली, आणि ती आजच्या वर्णनाशी जुळतात. या नोंदी विखुरलेल्याच राहिल्या. मग १९६४ मध्ये रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स यांनी रेशीमपतंगाच्या कोशातला बदल अभ्यासताना ‘प्रोग्रॅम्ड सेल डेथ’, म्हणजे पूर्वनियोजित पेशीमृत्यू, हा शब्द वापरला. कोशातून बाहेर पडायला पतंगाला पोटाचे काही स्नायू लागतात. बाहेर आल्यावर ते कामाचे राहत नाहीत आणि त्या स्नायूंच्या पेशी वेळापत्रकाप्रमाणे मरून जातात. या शब्दाचा रोख वेळेवर होता, केर आणि मंडळींच्या शब्दाचा रोख दिसण्यावर. पुढे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जाऊ लागले आणि तिथून जो गोंधळ सुरू झाला तो पुरता निस्तरलेला नाही.

१९७२ नंतर दहा-पंधरा वर्षे या शब्दाकडे फारसे कोणी फिरकले नाही. विकृतिशास्त्रज्ञांचे एक सूक्ष्म निरीक्षण, एवढेच त्याचे मोल राहिले. चित्र पालटले ते जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीमुळे. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये ‘सीनोरॅब्डायटिस एलिगन्स’ हा मातीत राहणारा गोलकृमी अभ्यासासाठी निवडला होता. जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकापुढे बसून त्याच्या प्रत्येक पेशीची वंशावळ लिहिली. हिशेब असा निघाला: उभयलिंगी कृमी घडताना १०९० कायिक पेशी जन्मतात, त्यांतल्या १३१ मरतात आणि ९५९ उरतात. कोणताही कृमी घेतला तरी त्याच १३१ पेशी, त्याच वेळी. मरण इतके ठरलेले असेल तर त्यामागे जनुके असणार, हे उघड होते. रॉबर्ट हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधली. सीईडी-३ आणि सीईडी-४ ही दोन जनुके शाबूत असल्याशिवाय एकही नेमलेली पेशी मरत नाही, आणि सीईडी-९ हे तिसरे जनुक जगायच्या पेशींना राखते. गंमत अशी, की मारणारे जनुक बिघडलेल्या कृमीत त्या १३१ जादा पेशी जिवंत राहतात आणि कृमीचे फारसे अडत नाही. ब्रेनर, हॉरविट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. केर त्यांत नव्हते. त्यांना २००० मध्ये जर्मनीचे पॉल एर्लिख आणि लुडविग डार्मस्टेटर पारितोषिक मिळाले होते, तेही हॉरविट्झ यांच्याबरोबर.

कृमीतली यंत्रणा माणसात जवळपास तशीच सापडली. सीईडी-३ चे मानवी भाऊबंद म्हणजे कॅस्पेज नावाची विकरे. प्रथिनांना ठरावीक जागी कापणाऱ्या या कात्र्या प्रत्येक पेशीत आधीपासून तयार असतात, फक्त मिटलेल्या. मरणाचा निरोप बाहेरून येऊ शकतो, जसे प्रतिकारपेशी शेजारी येऊन संदेश देते. किंवा आतून, डीएनएला भरून न येणारी इजा झाली म्हणून. आतल्या वाटेवर तंतुकणिकेचे काम निर्णायक असते. पेशीला ऊर्जा पुरवणारी म्हणून शाळेपासून ओळखीची असलेली ही तंतुकणिका सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन आत बाळगून असते आणि ऊर्जानिर्मितीत ते लागते. तेच प्रथिन तिच्यातून बाहेर झिरपले, की सात पाकळ्यांच्या चक्रासारखी एक रचना जुळते आणि कात्र्या उघडतात. १९९६ मध्ये शाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवले तेव्हा अनेकांना ते खरे वाटेना, कारण जगण्यासाठी रोज राबणारे प्रथिन मारण्याच्याही कामात असेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

या मरणावर शरीर किती विसंबून आहे याचा सर्वांत सोपा दाखला हाताची बोटे. गर्भाचा पंजा सुरुवातीला चपट्या वल्ह्यासारखा असतो. दुसऱ्या महिन्यात बोटांच्या मधल्या पडद्यातल्या पेशी अ‍ॅपॉप्टोसिसने जातात आणि बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात हे मरण थोडेच होते म्हणून पडदा राहतो, कोंबडीच्या पायात पुरते होते. पावसाळ्यात डबक्यातल्या बेडकाच्या पिल्लाची शेपूट नाहीशी होते, तीही तुटून पडत नाही. अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाच्या हुकमाने तिच्या पेशी मरतात आणि तो माल पिल्लाच्या अंगात परत वापरला जातो. मेंदूत सुरुवातीला गरजेपेक्षा पुष्कळ जास्त चेतापेशी तयार होतात आणि ज्यांची जोडणी नीट जमत नाही त्या गळतात. उंदराच्या गर्भात एखादे महत्त्वाचे कॅस्पेज जनुक काढून टाकले, तर मेंदूत पेशींची बेसुमार दाटी होते आणि बहुतेक पिल्ले वाचत नाहीत. कृमीला चालते ते उंदराला चालत नाही. सर्वांत कडक निवड होते ती छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. तिथे तयार होणाऱ्या टी-पेशींपैकी शंभरात मोजक्याच बाहेर पडतात. ज्या निरुपयोगी आहेत त्या, आणि ज्या शरीरावरच उलटतील अशा, दोन्ही तिथेच संपवल्या जातात. मोठ्या माणसातही हे थांबत नाही. रोज काही हजार कोटी पेशी अशा जातात आणि तितक्याच नव्या येतात. त्यांत अल्पायुषी पांढऱ्या रक्तपेशींचा वाटा मोठा असतो.

गळती कमी झाली तर काय होते ते कर्करोगाने दाखवले. बीसीएल-२ हे जनुक १९८०च्या दशकात एका प्रकारच्या लिंफोमात सापडले. तोवर कर्करोगाची जनुके म्हणजे पेशींना भराभर वाढवणारी, असा समज होता. ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथे डेव्हिड व्हॉ आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले, की हे जनुक पेशी वाढवत नाही, तिला मरू देत नाही. कृमीतल्या सीईडी-९ चा हा मानवी अवतार. माणसाचे बीसीएल-२ कृमीत घातले तर ते कृमीच्या पेशींनाही वाचवते. डीएनएला इजा झालेल्या पेशीला मरणाकडे ढकलणारे पी-५३ हे प्रथिन तर निम्म्याच्या आसपास कर्करोगांत बिघडलेले असते. केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा बराचसा परिणाम अ‍ॅपॉप्टोसिस घडवूनच होतो. केसांच्या मुळांशी वेगाने वाढणाऱ्या पेशीही त्यात सापडतात आणि केस गळतात. बीसीएल-२ लाच थेट अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध एका रक्तकर्करोगासाठी अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाले. ते पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रेत देत नाहीत, आठवड्याआठवड्याने वाढवत नेतात, कारण इतक्या पेशी एकदम मेल्या तर त्यांतून निघणारा माल मूत्रपिंडांना झेपत नाही. उलट बाजूला गळती वाढल्याचे नुकसान आहे. पक्षाघातात रक्त पूर्ण तुटलेल्या मधल्या भागात नेक्रोसिस होतो, तर भोवतीच्या अर्धवट उपाशी पट्ट्यात पुढचे काही तास-दिवस अ‍ॅपॉप्टोसिस चालू राहतो. एकाच जखमेत दोन्ही मरणे शेजारी शेजारी असतात.

शब्दाच्या वापराबद्दल म्हणूनच जपून राहावे लागते. पेशीमृत्यू ही मोठी पिशवी. अ‍ॅपॉप्टोसिस तिच्यातली एक वस्तू. पूर्वनियोजित मृत्यू आणि अ‍ॅपॉप्टोसिस हे पुष्कळदा एकत्र येतात, तरी ते समानार्थी नाहीत. त्वचेचा वरचा थर, नखे आणि केस हे ठरवून मेलेल्या पेशींचेच असतात; पण त्या पेशी पुडकी होऊन गिळल्या जात नाहीत, उलट टणक होऊन जागेवर टिकतात, म्हणून त्या मरणाचे नाव निराळे आहे. उलट, औषधाने मारलेल्या पेशीचे मरण शरीराच्या मूळ वेळापत्रकात नव्हते, तरी तिची रीत अ‍ॅपॉप्टोसिसची असू शकते. डीएनएचे तुकडे दाखवणाऱ्या एखाद्याच चाचणीवरून ‘अ‍ॅपॉप्टोसिस झाला’ असे लिहिणेही धोक्याचे, कारण नेक्रोसिसमध्येही डीएनए तुटतो. हा ढिलेपणा इतका वाढला, की पेशीमृत्यूच्या परिभाषेसाठी शास्त्रज्ञांची एक आंतरराष्ट्रीय समितीच काम करू लागली. २००५ पासून तिने आपल्या शिफारशी वेळोवेळी सुधारल्या आहेत, आणि मरणारी पेशी कशी दिसते यापेक्षा ती कोणत्या यंत्रणेने मेली यावर आता अधिक भर आहे.

दरम्यान शब्दाला पिल्लेही झाली. जळजळीत दाहासह होणारा पायरॉप्टोसिस, नेक्रोसिससारखा दिसणारा पण हुकमाने होणारा नेक्रॉप्टोसिस, लोहामुळे पटलातले स्निग्ध पदार्थ खराब होऊन होणारा फेरॉप्टोसिस. यांतली पहिली दोन नावे २००१ आणि २००५ ची, तिसरे २०१२ चे. यांत ‘गळून पडण्या’शी कशाचाच संबंध उरलेला नाही; ‘प्टोसिस’ हा आता निव्वळ मरणाचा प्रत्यय झाला आहे. कॉरमॅक यांनी पानांवरून सुचवलेला शब्द झाडांना मात्र लागू पडला नाही. वनस्पतींच्या पेशीही ठरवून मरतात, पण त्यांना जाड भिंती असतात, पुडकी होत नाहीत आणि गिळायला भक्षक पेशी नसतात, म्हणून वनस्पतिशास्त्रातले बरेच जण तिथे हा शब्द टाळतात.

मराठीत वर्तमानपत्रांना ‘पेशींची आत्महत्या’ हा शब्द आवडतो. तो लक्ष वेधतो, पण फसवतो. पेशीला इच्छा नसते, आणि पुष्कळदा मरणाचा हुकूम बाहेरून आलेला असतो. ‘पूर्वनियोजित पेशीमृत्यू’ हा भारदस्त पर्याय लॉकशिन यांच्या शब्दाचा आहे, केर यांच्या नव्हे. ‘पेशीमृत्यू’ एवढेच लिहिले तर नेक्रोसिसही त्यात येतो. सर्वसामान्य वाचकासाठी लिहिणाऱ्याने अ‍ॅपॉप्टोसिस हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पेशी गळणे’ असे सांगून पुढे जावे.